बटूचा शब्द
(मठाच्या वर्धापनदिनी भेस्तान येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मजसारख्या लहान शिष्यास बोलण्याची आज्ञा झाली, ती मी शिरसावंद्य मानतो. अशा दिवशी परंपरेचा गौरव करावा, संस्थापकांचे स्मरण करावे, ही रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु आज पहाटे पाठशाळेच्या ओसरीवर आठ-नऊ वर्षांचे बटू संथेला बसलेले पाहिले, आणि मनात आले की, ही परंपरा ज्यांच्या कंठातून पुढे जावयाची, ती मुले आपल्यापाशी सुरक्षित आहेत काय, हा प्रश्न स्वतःला विचारणे हेही या उत्सवाचेच अंग होय. विषय अप्रिय आहे, हे मी जाणतो. अप्रिय म्हणूनच तो आजवर टाळला गेला आहे.

आपल्या सुरत शहराने 24 मे 2019 रोजी एक दारुण दुपार पाहिली. सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीला आग लागली, आणि वरच्या मजल्यावरील शिकवणी-वर्गातील 22 विद्यार्थी प्राणास मुकले. बाहेर पडण्यास वाट नव्हती. तेव्हापासून कोणत्याही वर्गात मूल पाठविताना सूज्ञ पालक जिना कोठे आहे हे पाहतो. परंतु संकटे सर्वच आगीसारखी डोळ्यांना दिसणारी नसतात. मुलाच्या मनात कोंडलेल्या भयाला बाहेर पडण्यासाठी या संस्थेत जिना आहे काय, हे आपण विचारीत नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे काय घडले, हे येथील मराठी कुटुंबांना सांगावयास नको. एका शाळेतील चार वर्षांच्या आसपासच्या दोन बालिकांवर तेथीलच एका सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप झाला. मुलींनी आपल्या बोबड्या भाषेत ते घरी सांगितले. घरच्यांनी त्यावर विश्वास ठेवला. पुढे मात्र तो शब्द जागोजागी अडला. पालकांना तक्रार नोंदविण्यासाठी ताटकळावे लागले. 20 ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी लोहमार्ग रोखून धरला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. शाळेने पोलिसांना कळविण्यात कसूर केली, याबद्दल संस्थाचालकांवरही गुन्हा नोंदविला गेला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने शाळांतील कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य-पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांविषयी आदेश काढले. हे सर्व आवश्यक आहे. तथापि कॅमेरा पाहतो, तो ऐकत नाही. आणि चार वर्षांचे मूल पेटीत चिठ्ठी टाकू शकत नाही. ऐकणारा माणूसच लागतो.

कोणी म्हणेल, ही मुलींच्या शाळांची चिंता; आपल्या पाठशाळेत तर मुलगेच आहेत. हा भ्रम आहे. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 13 राज्यांतील 12,447 मुलांशी बोलून तो सिद्ध केलेला आहे. त्यांपैकी 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुलगे होते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासाचे होते.

आकड्यांवर विश्वास न बसणाऱ्यांसाठी मी माझी एक आठवण सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तिच्यात माझाही दोष आहे. मी बालपणी येथून दूर असलेल्या एका पाठशाळेत शिकत होतो. माझ्या शेजारी निजणारा नऊ वर्षांचा एक सहाध्यायी होता. रात्री एका वडीलधाऱ्या सेवेकऱ्याच्या खोलीत पाण्याचा तांब्या नेऊन ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते. एके दिवशी त्याने ज्येष्ठांना विनविले, "मला ते काम नको." कारण त्याला सांगता येईना. त्याला उत्तर मिळाले, "सेवेला नाही म्हणू नये." तो गप्प झाला. पुढे त्याचे पाठांतर बिघडले, तो अंथरुण ओले करू लागला, त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. आणि महिन्याभरात त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले. तो मंदबुद्धीचा होता, असे आम्हांस सांगण्यात आले. तो मंदबुद्धीचा नव्हता, हे मला ठाऊक होते. तो रात्री कसा रडत असे, हेही ठाऊक होते. मी कोणाला काही बोललो नाही. आज मी स्वतः मुलांना संथा देतो, आणि एखादा बटू अकारण अडखळू लागला की मला प्रथम तो तांब्या आठवतो.

आपल्या शिक्षणात आज्ञापालनाला थोर स्थान आहे, आणि ते असावेच. परंतु ते अमर्याद आहे काय? तैत्तिरीयोपनिषदातील शिक्षावल्ली आपण सर्वांनी मुखोद्गत केली आहे. विद्या संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य उपदेश करतात की, आईला, वडिलांना, आचार्याला देवासमान मान. पण त्याच अनुवाकात तेच आचार्य असेही सांगतात की, आमची जी आचरणे चांगली असतील तेवढीच तू स्वीकार, इतर नकोत. गुरूने स्वतःच्या मुखाने शिष्याला दिलेला हा नकाराचा अधिकार होय. आपण पहिले वचन मुलांना रोज ऐकवितो. दुसऱ्याचा अर्थ त्यांना किती वेळा समजावून सांगतो? आठ वर्षांच्या मुलाला इतके कळले पाहिजे की, हे शरीर माझे आहे. कोणी नको तेथे स्पर्श केला, किंवा स्पर्श करावयास लावला, किंवा "हे कोणाला सांगू नकोस" असे म्हटले, तर तो गुरुजी असो, काका असो वा मोठा विद्यार्थी असो, नाही म्हणावे, तेथून निघावे आणि सांगावे.

शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा शाळेत मुलाला मारण्यास व मानसिक छळास मनाई करतो. परंतु 2012 च्या दुरुस्तीने वैदिक पाठशाळा, मदरसे व धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. समाजाने आपल्यावर टाकलेला हा विश्वास आहे. त्याचा अर्थ मोकळीक असा कोणी करू नये. शिवाय बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा, ज्याला पॉक्सो म्हणतात, त्यात मठाला वा मंदिराला सवलत नाही. असा अपराध घडला आहे असे कळले, किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा अपराध संस्थेच्या प्रमुखाने कळविला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मुलाची ओळख प्रकट करण्यास मनाई आहे. त्याचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, आणि तो घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेशात असू नये, असाही नियम आहे. तेव्हा मुलाची बेअब्रू होईल, ही सबब उरत नाही. मग उरते ती संस्थेची अब्रू. "आधी आपल्यात चौकशी करू, मठाचे नाव जाईल," हे वाक्य सद्हेतूने उच्चारले जाते, आणि त्याच वाक्याच्या आडोशाला अपराधी निर्भय होतो. मुलाला बळी देऊन राखलेले नाव आपल्या संस्थापकांनी स्वीकारले असते काय?

आता दुसरे दार. ते भिंतीत नाही, हातात आहे. भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यात खानदेशातून आलेली आपली कुटुंबे यंत्रमागांवर आणि रंगाईच्या कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. घरी मुलाजवळ सोबतीला असतो तो मोबाईल. 2020 च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर आली, आणि ती परत गेल्यावरही मोबाईल राहिला. त्या पडद्याआडून येणारा अपरिचित मनुष्य प्रथम धाक दाखवीत नाही. तो खेळातला सवंगडी होतो, स्तुती करतो, खेळातली एखादी भेट देतो, मग एक छायाचित्र मागतो, आणि ते मिळाले की धमकी देतो, "वडिलांना दाखवीन." गेल्या वर्षी सुट्टीवरून परतलेला आमचा एक बटू अशा जाळ्यात सापडला होता. त्याने तीन आठवडे का सांगितले नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मोबाईल काढून घेतला असता." शिक्षेच्या भयाने त्याचे तोंड बंद केले होते, आणि ते भय आम्ही दिलेले होते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, मूल सांगावयास आले तर आधी त्याला जवळ घ्या, रागावू नका. संदेश पुसून टाकू नका, ते पुरावा आहेत. धमकावणाऱ्याला पैसे देऊ नका. 1930 हा सायबर गुन्ह्यांसाठीचा आणि 1098 हा बालकांच्या साहाय्याचा क्रमांक घरच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि आपल्याही हातून एक चूक होते. मुंजीचे, स्नानाचे, उघड्या अंगाने संध्या करणाऱ्या बटूंचे फोटो आपण कौतुकाने नाव-गावासह समाजमाध्यमांवर टाकतो. ते कोणाकोणाच्या हाती जातात, हे आपण सांगू शकत नाही.

यास्तव गुरुमहाराजांच्या चरणी माझे नम्र निवेदन आहे. कोणीही प्रौढ मनुष्य बंद दाराआड एकट्या मुलासह असू नये. आचारी, सेवेकरी, गाडीचालक आणि आम्ही अध्यापक, या सर्वांची पोलीस-पडताळणी व्हावी. तिचा आरंभ माझ्यापासून करावा. मुलांनी निर्भयपणे बोलावे अशा दोन व्यक्ती नेमाव्यात; त्यांपैकी एक मठाबाहेरील माउली असावी. तक्रार आली तर त्याच दिवशी पोलिसांना कळवावी, आणि ज्याच्यावर ती आहे त्याने त्या क्षणापासून मुलांपासून दूर राहावे. बटूंची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नयेत.

वेदाच्या एका स्वराची चूक होऊ नये म्हणून आपण शतकानुशतके कान तयार केले. त्याच कानांनी मुलाचा अडखळलेला शब्द आपल्याला ऐकता येईल. माझ्या त्या सहाध्यायाचा शब्द कोणी ऐकला नाही. या मठाच्या पुढील वर्धापनदिनी असे म्हणता यावे की, येथे कोणत्याही मुलाला आपले गाऱ्हाणे दोनदा सांगावे लागले नाही. एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.