विजेटची खोटी साक्ष
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

दोस्तांनो, आयोजकांनी मला ‘अभ्यासासाठी तंत्रज्ञान’ असा विषय दिलाय. विषय फारच मोठा आहे, म्हणून मी त्यातला पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा घेतो. विजेट. फोनच्या पहिल्या पानावर घड्याळ किंवा हवामान दाखवणारा चौकोन असतो ना, तो. त्यासाठी ॲप उघडावं लागत नाही, येताजाता नजर पडते. अँड्रॉइडवर बाहेरच्या ॲपना अशी विजेट बनवायची सोय २००९मध्ये मिळाली, आयफोनच्या पहिल्या पानावर ती २०२०मध्ये आली.

मी असं एक विजेट बनवलं होतं, मुलांना अभ्यासाला बसवणारं. ते चुकलं. कसं चुकलं तेच आज सांगायचंय. तुमच्यातले बरेच जण कॉम्प्युटर शिकताय, उद्या असलंच काहीतरी बनवाल.

माझी आपा इचलकरंजीला असते. दुल्हाभाई यंत्रमागावर आहेत. भाची तेव्हा दहावीत होती. घरात स्मार्टफोन एकच, दुल्हाभाईंचा. आपाकडे बटणांचा साधा फोन. भाचीने मला विचारलं, “मामू, तुम्ही सगळ्या जगाचे ॲप बनवता, मला अभ्यासाला बसवेल असं काही बनवा ना.” मी चार रविवार घालून बनवलं. विजेटवर एक ज्योत. रोज ॲप उघडून धडा वाचला की ज्योतीखालचा आकडा एकाने वाढणार. एक दिवस चुकला की शून्य. तीन दिवस चुकले की लाल रडका चेहरा आणि खाली वाक्य : ‘तीन दिवस अभ्यास नाही!’ ते उद्गारचिन्हसुद्धा मीच टाकलं होतं.

यात माझं स्वतःचं काहीच नव्हतं. ड्युओलिंगोचं विजेट तुम्ही पाहिलं असेल. दिवस कलतो तसा त्यातल्या घुबडाचा चेहरा बदलत जातो, कारण तुम्ही धडा केलेला नसतो. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथेही आम्ही असल्याच ज्योती आणि आकडे बसवत होतो. मीटिंगमध्ये प्रश्न एकच असायचा, रोज किती लोक ॲप उघडतात. ती किती शिकली, हे त्या मीटिंगमध्ये कोणी विचारलेलं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही.

भाचीचा आकडा ३४पर्यंत गेला. मी खूश. नंतर तिनेच हसत हसत सांगितलं, की कित्येक दिवस ती झोपायच्या आधी दोन मिनिटं ॲप उघडायची, पानं सरकवायची आणि ज्योत वाचवायची. अभ्यास झाला नाही तरी आकडा झाला पाहिजे! पोरगी हुशार आहे. मी जे मोजत होतो तेवढंच ती मला देत होती.

मग जानेवारीत दुल्हाभाईंना रातपाळी लागली. संध्याकाळी सातला फोन त्यांच्याबरोबर मागावर जायचा आणि सकाळी परत यायचा, तोवर ही शाळेत. तीन दिवसांनी लाल चेहरा उगवला. कुठे? बापाच्या खिशात. चहाच्या सुट्टीत फोन काढला की पहिल्या पानावर पोरीची तक्रार. शेजारच्या मागावरचे लोकही वाचायचे.

आठवड्याभराने दुल्हाभाईंचा मला फोन आला. “तुझं हे यंत्रच सांगतंय, पोरगी अभ्यास करत नाही. मग हिला सायन्सला कशाला घालायची?”

मी त्या रविवारी इचलकरंजी गाठली. भाचीने काही न बोलता दोनशे पानी वही समोर ठेवली. भूमितीची प्रमेयं, रोजची तारीख घालून, रोज संध्याकाळची. फोन घरात नसल्यामुळे ती पहिल्यांदाच नीट अभ्यास करत होती. आणि माझं विजेट सगळ्यांना सांगत होतं, हिचा अभ्यास बंद आहे. त्याला फक्त फोनमधलं दिसतं, वही दिसत नाही. दुल्हाभाईंनी वही चाळली, पण त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. छापील वाक्यावर माणूस लवकर विश्वास ठेवतो, आणि ते मेहुण्याने, इंजिनियरने लिहिलेलं असेल तर विचारूच नका.

मी त्याच दिवशी विजेट काढून टाकलं. परत येताना एसटीत ठरवलं, आधी वाचायचं, मग कोड लिहायचा. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत माणूस शिकतो कसा, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

दोन प्रयोग सांगतो. पहिला १९७३चा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालवाडीतला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट हे तीन मानसशास्त्रज्ञ. ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडतात, अशीच मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही. एक-दोन आठवड्यांनी, बक्षीस नसताना, पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम मजुरीचं झालं होतं. माझी ज्योत म्हणजे तीच चांदणी.

दुसरा २००६चा, रोडिगर आणि कार्पिके यांचा. यात विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एक उतारा पुन्हा वाचायचा, दुसऱ्यावर कागद समोर ठेवून आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्याने घेतली तर उलटं झालं : पुन्हा वाचलेलं ४२ टक्के, आठवून लिहिलेलं ५६ टक्के. तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री तेच पान पाचव्यांदा वाचता तेव्हा ‘सगळं येतंय’ असं वाटतं ना, ते हे पहिल्या पाच मिनिटांचं येणं असतं.

यावरून दुसरं विजेट सुचलं. आकडा नाही, ज्योत नाही, चेहरा तर नाहीच. चौकोनात फक्त एक प्रश्न. ‘स्पर्शिका आणि स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या यांच्यात किती अंशांचा कोन?’ मनात उत्तर द्यायचं, बोट लावायचं, उत्तर दिसतं. खाली दोन बटणं, ‘आलं’ आणि ‘नाही आलं’. नाही आलं तर तो प्रश्न उद्या पुन्हा. आलं तर तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी. ही युक्ती माझी नाही. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात कप्पे करून चिठ्ठ्यांची अशीच पद्धत सांगितली होती. प्रश्न भाचीने स्वतः वहीतून टाकले, आणि माझ्या मते निम्मा अभ्यास तिथेच झाला. प्रश्न घालायचा तर धडा समजावा लागतो.

विजेटच्या मर्यादा इथे कामाला आल्या. अँड्रॉइडचं विजेट म्हणजे पूर्ण ॲप नव्हे. त्यात लिहिता येत नाही, ठरलेल्या वेळाने ते आपोआप बदलायचं तर अर्ध्या तासाहून लवकर बदलत नाही, आणि स्वस्त फोन बॅटरी वाचवायला मागची कामं परस्पर बंद करतात. पूर्वी मी यावर चिडायचो. पण एका प्रश्नाला अर्धा तास पुरतो. शिवाय ॲप उघडायची गरज नाही म्हणून दुसरीकडे भटकायचीही सोय नाही. दहा सेकंद, आणि फोन खाली.

प्रश्नाच्या वर एक ओळ ठेवली, ती जिची तिने लिहायची. ‘रोज दोन तास अभ्यास’ असलं लिहायचं नाही. कधी, कुठे, काय, एवढं लिहायचं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम यावर आहे : ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं आधीच बांधून ठेवलेलं काम जास्त वेळा पार पडतं. भाचीची ओळ होती, ‘मगरिबनंतर, भांडी झाली की, माळ्यावर, भूमिती’. भांडी चुकत नाहीत, त्यामुळे भूमितीही सहसा चुकत नाही. (तिच्या धाकट्या भावाला भांडी का नाहीत, हे मी आपाला विचारलं. तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.)

आणि फोन घरात नसला तर? विजेट गप्प बसतं. चुकलेल्या दिवसांची नोंदच ठेवत नाही. एका मित्राने मला याबद्दल मूर्खात काढलं, म्हणाला डेटा फेकून देतोस. हो, देतो. ज्या घरात फोन एकच आहे, तिथे ती नोंद फोन कुठे होता हे सांगते, मुलगी काय करत होती हे नाही. आपल्यापैकी किती जणांच्या घरी हेच आहे, हात वर करायला सांगत नाही, मला माहीत आहे.

भाची आता अकरावी सायन्सला आहे. ते विजेटमुळे नाही, वहीमुळे आणि आपाच्या हट्टामुळे.

कामं अजून बाकी आहेत. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी मांडणी उजवीकडून डावीकडे हवी, आणि विजेटमध्ये आपला नस्तालीक फॉन्ट सरळ बसत नाही. अक्षरांचं चित्र काढून टाकावं लागतं. दुसरी अडचण मजेशीर आहे. रातपाळीत दुल्हाभाईच प्रश्न सोडवतात. पहाटे तीनला ‘आलं’ दाबतात आणि भाचीचा प्रश्न पंधरा दिवस गायब होतो. ती वैतागली आहे. मी तिसरं बटण घालतोय, ‘अब्बांनी सोडवलं’. कोणाला कोटलिन येत असेल तर चहाच्या वेळी भेटा.