लोकांत राहून विरक्त



आम्ही पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. एका शीख सोबत्याने आमच्या डोळ्यांत अंजन घातले, तेवढे सांगण्यास आज उभे आहोत.

गोष्ट २००४ सालची. हा सोबती लेथवर टर्नर होता. त्याच्या मुलीचे लग्न ठरले. बिरादरीतले लोक म्हणाले, हॉल घे, बँड आण, पैसे नसतील तर कर्ज काढ. त्याने गुरुद्वारात सकाळी आनंद कारज केले, पाहुण्यांना लंगरच्या पंगतीत जेवू घातले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तो कामावर हजर झाला. चार महिने नातलग त्याच्याशी बोलले नाहीत. आम्ही विचारले, “सरदारजी, वाईट नाही वाटत?” तो म्हणाला, “वाटतं ना, भाऊ. पण त्यांचा राग चार महिन्यांचा, कर्ज दहा वर्षांचं.”

विरक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे भगवी कफनी येते. गुरू नानकांनी (१४६९–१५३९) ती वाट धरली नाही. घरदार सोडलेल्या योग्यांशी त्यांचा जो संवाद ग्रंथसाहिबात आहे, त्यात पाण्यातल्या कमळाचा दाखला आहे: संसारात राहावे, पण त्यात बुडू नये. अखेरची वर्षे ते रावीकाठी कर्तारपूरला शेती करून राहिले. गादी मुलाला द्यावी ही जगाची रीत. त्यांनी दोन मुलगे असताना ती लहणा या शिष्याला दिली. तेच गुरू अंगद. घरचे रुसतील, लोक बोलतील, याचा हिशेब त्यांनी धरला नाही. जनमसाखीत कथा आहे की मलिक भागो या बड्या अधिकाऱ्याच्या मेजवानीचे आमंत्रण टाळून ते लालो सुताराच्या घरची भाकरी खात राहिले.

परंतु असे वागणे एकट्याला जड जाते. कामगार एकटा असला की मुकादमालाही भितो, हे आम्ही रोज पाहतो. म्हणून गुरूंनी शिष्याला संगत दिली आणि पंगत दिली. एका समाजाने वाळीत टाकले, तरी दुसरा शेजारी बसवून घेईल, ही त्यातली सोय. शिरोमणी समितीने १९४५ साली कायम केलेल्या रहत मर्यादेत लग्नाचा मुहूर्त पाहू नये, पैसे घेऊन सोयरीक करू नये, मृत्यूनंतर आक्रोश करू नये, असे नियम आहेत. नियम केले म्हणून रीत सुटते असे मात्र नाही. माल्कम डार्लिंग या अधिकाऱ्याने १९२५ साली पंजाबी शेतकऱ्याच्या कर्जावर ग्रंथ लिहिला. त्यात लग्नखर्च हे कर्जाचे एक कारण म्हणून नोंदले आहे. आजही तिथे मोठमोठ्या मॅरेज पॅलेसांत लग्ने लागतात.

आणि आम्ही तरी काय केले? कर्ज काढून लग्न करू नका, असे फाटकावर भाषण देणारे आम्ही. २००६ साली धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. भाऊबंद म्हणाले, पुढाऱ्याच्या घरचे कार्य, चारशे पाने तरी उठलीच पाहिजेत. आम्ही मान तुकवली. पतपेढीचे हप्ते आठ वर्षे फेडले. सरदारजी त्या लग्नाला आले होते. आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत; बादली घेऊन पंगतीला वरण वाढत राहिले. त्या दिवशी त्यांच्या नजरेला नजर देणे आम्हाला जमले नाही.

संत नामदेवांची ६१ पदे ग्रंथसाहिबात आहेत. प्रपंचात राहून परमार्थ साधावा, ही शिकवण आपल्या घरचीच आहे. कमी पडते ती सोबत. या सभागृहातल्या दहा घरांनी मिळून ठरवले की कर्जाचे लग्न करायचे नाही आणि जो साधे लग्न करील त्याच्या पंगतीला आपण आधी जाऊन बसायचे, तर अकराव्याला धीर येईल. आमचे नाव त्यात पहिले लिहून घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.