लाल लघवी आणि एक चिमुकला रेणू

मोर्शीकडचा एखादा बिडी ओढणारा म्हातारा सांगतो, "एकदा लघवी लाल झाली. दुखलं नाही, आपोआप थांबलं." 'ऊन लागलं असेल' म्हणून घरचेही गप्प बसतात. कधी तो मुतखडाही असतो. पण न दुखता रक्त जाणे ही मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. बिडी-सिगारेट हे त्याचे सर्वांत मोठे कारण.

आरंभी हा रोग पिशवीच्या अस्तरातच असतो. तेथल्या पेशी भिंतीच्या विटांसारख्या एकमेकींना धरून असतात. या कामी मायक्रोआरएनए नावाच्या रेणूंचा हात असतो. जेमतेम बावीस दुव्यांची साखळी! ती प्रथिन बनवीत नाही, दुसऱ्याचे बनणे रोखते. अँब्रोस आणि रवकुन यांना ती १९९३ साली एक मिलिमीटरच्या कृमीत उमगली. नोबेल मिळाले २०२४ साली. यांतील 'दोनशे' क्रमांकाचे घराणे पेशी सुट्या करणाऱ्या 'झेब' प्रथिनांना आवरते. पसरणाऱ्या पुष्कळ गाठींत ते क्षीण झालेले आढळते. मग भिंतीचा चुना सुटतो, पेशी स्नायूत शिरतात.

अस्तरातला रोग दुर्बिणीने खरवडता येतो. स्नायूत गेल्यावर बहुधा पिशवीच काढावी लागते. लघवीतले हे रेणू मोजून रोग ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. तूर्त खात्रीची तपासणी दुर्बिणीचीच, आणि ती अमरावतीस व नागपुरास होते.