नागपूर 585: स्वस्त रेडिओवर लांबचं केंद्र कसं लावायचं?



मागच्या भाषणानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. 'साहेब, आम्ही महाराष्ट्राबाहेर राहतो. साध्या रेडिओवर मराठी केंद्र लागेल का? आणि त्यासाठी कुठला रेडिओ घ्यायचा?' हा प्रश्न माझ्याही घरातला आहे, म्हणून आज त्यावरच बोलतो.

मी भिलाईत राहतो. वडील इथल्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. फौजेतून निवृत्त होऊन मी परत आलो, तेव्हा आईची नजर बरीच अधू झाली होती. टीव्ही तिच्या कामाचा राहिला नव्हता. मोबाइलवर बातम्या लावून दिल्या तर म्हणायची, 'हे तुझं यंत्र मधेच गप्प होतं, मला ते लावता येत नाही. नागपूर लाव ना रे.' नागपूर म्हणजे आकाशवाणी नागपूर, मध्यम लहरी, 585 किलोहर्ट्झ. संध्याकाळच्या मराठी बातम्या आणि त्या पुढेमागे जे काय लागेल ते.

रेडिओ लावला की नुसती घरघर. मला वाटलं, रेडिओ जुना झाला. म्हणून दुसरा आणला, मग तिसरा. दोन वर्षांत चार रेडिओ घरात आले. या चार रेडिओंनी मला जे शिकवलं ते आज सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

आधी थोडं शास्त्र. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून जातात. आकाशाकडे जाणारा भाग वातावरणातला 'डी' नावाचा थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून दिवसा आसपासची केंद्रं मिळतात आणि रात्री कोलकाता, दिल्ली, हैदराबाद सगळे एकदम दारात उभे राहतात. गर्दी तिथेच होते.

आपल्याकडे मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये 9 किलोहर्ट्झचं अंतर असतं. नागपूर 585 वर, 300 किलोवॅटचं. भिलाईहून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. त्याच्या शेजारचं घर 594. तिथे बंगालमधलं चिन्सुरा, तब्बल 1000 किलोवॅट. 2016 पासून 'आकाशवाणी मैत्री' तिथूनच चालू झालं. चिन्सुरा आमच्यापासून साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, पण अंधार पडला की ते नागपूरच्या अंगावर येतं. आईला नेमक्या त्याच वेळी बातम्या हव्यात.

आता रेडिओची परीक्षा कशी घ्यायची? दुकानात लावून बघून काही कळत नाही. फौजेत हत्यार तपासायची एक पद्धत असते: जागा तीच, अंतर तेच, दारूगोळा तोच. मी तसंच केलं. सगळ्या रेडिओंत नव्या बॅटऱ्या, एकच टेबल, एकच वेळ आणि एका रेडिओवरून दुसऱ्यावर एका मिनिटाच्या आत. कारण रात्रीचा सिग्नल सारखा वरखाली होतो, पाच मिनिटांनी घेतलेली तुलना खोटी ठरते. असं तीन रात्री केलं. 2018 च्या डिसेंबरातली ही गोष्ट. गुण पाचपैकी, वहीत लिहून.

तीन पेपर ठेवले. पहिला, दुपारी बाराला नागपूर 585. यात रेडिओ किती बारीक ऐकू शकतो ते कळतं. दुसरा, रात्री नऊला 648 इंदूर, 657 कोलकाता आणि 666 दिल्ली, तीन सख्खे शेजारी. यात रेडिओ शेजाऱ्यांना वेगळं ठेवतो का ते कळतं. तिसरा, 981 वर रायपूर आणि त्याला खेटून 972 वर कटक. रायपूर आमच्या अगदी जवळ, 100 किलोवॅट. त्याच्या धडाक्यात कटक ऐकू आलं तर रेडिओ पक्का.

आता परीक्षार्थी.

पहिला हजार रुपयांच्या आतला, दोन बँडचा, काटा फिरवायचा. हा दुपारच्या नागपूरला चक्क पास झाला. घरघरीच्या खालून माणसाचा आवाज येत होता आणि तो कानाला गोड होता. पण रात्री इंदूर, कोलकाता, दिल्ली यांची खिचडी. काटा केसभर हलला की दुसरं केंद्र. कटक मिळालंच नाही.

दुसरा दहा-बारा बँडचा, तोही काट्याचा. लोकांना वाटतं, बँड जास्त म्हणजे ताकद जास्त. ते बँड बहुतेक लघुलहरींचे तुकडे असतात, मध्यम लहरींना त्यांचा काही उपयोग नाही. गुण पहिल्यापेक्षा थोडे बरे, इतकंच.

तिसरा ऑनलाइन मागवलेला, दिसायला देखणा, त्यात यूएसबी, मेमरी कार्ड, टॉर्च, ब्लूटूथ सगळं. मध्यम लहरींवर तो जवळजवळ बहिरा. एवढ्या भानगडी एका खोक्यात कोंबल्या की आतला फेराइट रॉड बोटभर उरतो. मध्यम लहरींचा खरा अँटेना तो काळा रॉड असतो. वरची लांब काडी एफएम आणि लघुलहरींसाठी. ती कितीही ओढा, नागपूरला फरक पडत नाही.

चौथा डीएसपी जातीचा, टेकसनचा पीएल-310ईटी. तेव्हा चार-पाच हजारांच्या घरात मिळालेला. यात सिलिकॉन लॅब्जची एक चिप गाळणीचं काम करते. गाळणी 6, 4, 3, 2 किंवा 1 किलोहर्ट्झ अशी बारीक-जाड करता येते. पडद्यावर सिग्नलची ताकद आणि गोंगाटाशी त्याचं प्रमाण आकड्यांत दिसतं. दुसऱ्या पेपरात यानेच तिन्ही केंद्रं वेगवेगळी ऐकवली. गाळणी 3 वर ठेवली की इंदूर इंदूर आणि कोलकाता कोलकाता. कटकही 2 वर आलं, आवाज घोगरा पण शब्द कळत होते.

डीएसपी चिपची एक खोड माहीत असू द्या. सिग्नल फार अशक्त झाला की ती आवाजच खाली दाबते. काट्याचा रेडिओ अशा वेळी घरघरीसकट का होईना ऐकवत राहतो. म्हणून शांत गावात, दिवसा, एकच केंद्र ऐकायचं असेल तर चांगला काट्याचा रेडिओ पुरतो. रात्री गर्दीतून केंद्र वेचायचं असेल तर डीएसपी घ्या.

आता पैसे न लागणाऱ्या तीन युक्त्या.

पहिली, रेडिओ फिरवा. फेराइट रॉड रेडिओच्या लांबीच्या दिशेने आडवा असतो. रेडिओचं तोंड किंवा पाठ केंद्राकडे असेल तर आवाज सर्वांत जास्त. रॉडचं टोक केंद्राकडे केलं तर आवाज पडतो, आणि तो पडणं फार तीक्ष्ण असतं. म्हणून नको असलेल्या केंद्राकडे टोक करा. भिलाईहून कोलकाता साधारण पूर्वेला, दिल्ली वायव्येकडे उत्तरेला झुकलेली, म्हणजे जवळजवळ काटकोनात. रेडिओ पाव फेरा फिरवला की एक जातं आणि दुसरं येतं. नातवंडांना दाखवा, त्यांना जादू वाटते. नागपूरच्या बाबतीत मात्र ही युक्ती फसते. नागपूर पश्चिमेला, चिन्सुरा पूर्वेला, दोन्ही जवळजवळ एकाच रेषेत. एकाला मारलं की दुसरंही मरतं. तिथे गाळणीच हवी.

दुसरी, सरकून बसा. चिन्सुरा 594 वर आहे, म्हणून रेडिओ 585 वर न ठेवता 584 किंवा 583 वर ठेवा. शेजाऱ्यापासून दोन पावलं लांब. आवाजाचा पोत थोडा बदलतो, पण शब्द सुटे होतात. एक-एक किलोहर्ट्झने सरकणाऱ्या रेडिओवरच हे नेमकं जमतं.

तिसरी, लाकडी चौकटीचा लूप. दोन फुटांची चौकट, तिच्यावर तारेचे बारा वेढे थोडं थोडं अंतर ठेवून, आणि टोकांना जुन्या रेडिओतला 365 पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर. रेडिओला काहीही जोडायचं नाही, नुसता शेजारी ठेवायचा आणि गँग फिरवायचा. एका जागी केंद्र एकदम उसळून वर येतं. माझा लूप भंगारातल्या गँगवर झाला. दोन बँडचा हजारातला रेडिओ लूपसोबत दिवसाच्या पेपरात चौथ्याच्या बरोबरीला आला.

एवढं सगळं झालं आणि तरी आईच्या खोलीत नागपूर लागेना. अंगणात लागायचं, बालोदकडे तांदुला धरणावर गेलो तर स्वच्छ लागायचं, तिच्या पलंगाशी घरघर. शेवटी एका संध्याकाळी घराचा मेन स्विच खाली पाडला. रेडिओ बॅटरीवर होता. अंधार झाला आणि नागपूर खणखणीत बोलायला लागलं.

मग एक-एक बटण चालू करत गेलो. आईच्या डोक्यावरचा एलईडी दिवा लावला की घरघर सुरू. तिला नीट दिसावं म्हणून तो जास्त उजेडाचा दिवा मीच बसवला होता. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, यांच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि त्याचा कचरा मध्यम लहरींवर पसरतो.

दिवा बदलला. आई पलंगावर बसून बातम्या ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, 'मला वाटलं, माझे कानच गेले. म्हणून तुला सांगणं सोडून दिलं होतं.' दोन वर्षं मी रेडिओ विकत घेत होतो आणि ती मनाशी धरून बसली होती की डोळ्यांमागून आता कानही चालले.

म्हणून माझा क्रम लिहून घ्या. आधी मेन स्विच बंद करून बॅटरीवर ऐका. दोष घरात असेल तर रेडिओ घेऊन खोल्या-खोल्यांत फिरा, रिकाम्या जागी लावा, जिथे घरघर वाढेल तिथे चोर आहे. मग खिडकीजवळ बसा, काँक्रीटमधलं लोखंड लहरी अडवतं. मग रेडिओ फिरवा. मग लूप करा. इतकं करून भागलं नाही तर डीएसपीवाला रेडिओ घ्या, आणि घेताना तीन गोष्टी पाहा: गाळणी बदलता येते का, एक किलोहर्ट्झने सरकतो का, आणि ट्यूनिंगची पायरी 9 किलोहर्ट्झवर ठेवता येते का. काही देशांत 10 ची पायरी असते, तिच्यावर आपली केंद्रं नीट बसत नाहीत.

एक गोष्ट कुठल्याच रेडिओने सुटत नाही. अडीचशे किलोमीटरवर रात्री जमिनीवरची लहर आणि आकाशातून उतरलेली लहर एकमेकींत मिसळतात आणि आवाज मधूनच बुडतो, वाकडा होतो. ते निसर्गाचं काम आहे. दहा सेकंद थांबा, आवाज परत येतो.

आणि उशीर करू नका. प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत देशभर बरेच मध्यम लहरी प्रक्षेपक बंद केले आहेत. रेडिओ घ्यायच्या आधी तुमचं केंद्र चालू आहे ना, त्याच्या वेळा काय, हे विचारून घ्या. घरात कुणी म्हातारं माणूस 'आताशा रेडिओ लागत नाही' म्हणत असेल, तर आज संध्याकाळीच पाच मिनिटं मेन स्विच खाली पाडून बघा.