विश्वस्त कोणी व्हावे?



भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले, ते व्हिक्टोरिया राणी व तिच्या पतीच्या नावाने. त्याच्या उभारणीसाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाडांचे नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडावे लागले! वास्तू जीर्ण झाली होती. २००३ साली महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले, तेव्हा कुठे जीर्णोद्धार झाला. वास्तू सावरली, तरी आतला ठेवा अखेर विश्वस्तांच्याच हाती असतो. नवे विश्वस्त नेमताना केवळ देणगीचा आकडा वा राजकीय वजन पाहू नये. अंगणातील दगडी हत्ती घारापुरीचा, हे ज्याला ठाऊक आहे आणि जो हिशेबावर सही करण्यापूर्वी तो वाचतो, असा एक तरी माणूस मंडळात हवा.