हलका धातू कणखर कसा होतो?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘तुमच्याच विषयावर बोला, पण सगळ्यांना कळेल असं बोला,’ अशी अट सांस्कृतिक कमिटीने घातली आहे. माझा विषय मॅग्नेशियम. शाळेत त्याची फीत पेटवली की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडायचा, तो बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यामुळे हा धातू म्हणजे फटाकाच असा समज झालाय. फीत, कीस, भुकटी पेटते हे खरं. जाड ठोकळा मात्र सहजासहजी पेट घेत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या लॅपटॉपचं कव्हर किंवा कॅमेऱ्याची बॉडीसुद्धा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असू शकेल.

कारण वजन. एक घनसेंटिमीटर लोखंड ७.९ ग्रॅमच्या आसपास भरतं, ॲल्युमिनियम २.७ आणि मॅग्नेशियम फक्त १.७४. मग मोटारी, विमानं सगळी याचीच का करत नाहीत? एक तर हा धातू गंजतो, तो विषय आज नको. दुसरं म्हणजे शुद्ध रूपात तो तसा कमजोर, आणि थंड असताना वाकवायला गेलं की तडकतो. त्याचे अणू षटकोनी मांडणीत थरांवर थर असे बसलेले असतात. पत्त्यांचा कॅट आडवा सरकवला तर सरकतो, उभा दाबला तर हटत नाही, तसंच काहीसं. तापवलं की इतर दिशांनाही सरकायला वाट मिळते.

त्याला बळ द्यायचे दोन मार्ग सांगतो. पहिला भट्टीचा. एझेड-९१ नावाच्या मिश्रधातूत साधारण ९ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असतं. साखरेचा पाक करताना गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, गार झाल्यावर खडे धरते. इथेही तेच. मिश्रधातू ४१३ अंश सेल्सिअसच्या आसपास १६ ते २४ तास ठेवला की ॲल्युमिनियम आत विरघळतं. घाई करून ४३७ अंशांच्या पुढे गेलात तर कणांच्या सांध्यांतला भाग वितळायला लागतो! मग झटपट गार करायचं आणि पुन्हा १६८ अंशांना १६ तास ठेवायचं. आत मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे बारीक कठीण दाणे तयार होतात आणि सरकणाऱ्या थरांना अडवतात.

दुसरा मार्ग मळण्याचा. धातू स्फटिकांच्या कणांचा बनलेला असतो. कण जितके बारीक तितका धातू बळकट, हा नियम हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये पोलादावर दाखवला. मॅग्नेशियमला तो विशेष लागू पडतो. पण कण बारीक करायला धातू लाटत बसलं तर शेवटी हातात पत्राच उरतो. यावर सोव्हिएत संघातल्या मिन्स्कमध्ये व्लादिमिर सेगल यांनी १९७०च्या दशकात युक्ती काढली. डायमध्ये एल आकाराचं भोक असतं, त्यातून सळी दाबून काढायची. कोपऱ्यावर धातू आतून सपाटून घुसळला जातो, पण सळी बाहेर येते ती तेवढ्याच जाडीची. म्हणून तीच सळी पुन्हा घालता येते, चार वेळा, आठ वेळा. आमच्यात याला ‘ईकॅप’ म्हणतात.

आता माझी फजिती. निवृत्तीनंतर मी एका कॉलेजात मुलांना प्रोजेक्टसाठी मदत करतो. एका विद्यार्थिनीला मीच सांगितलं, ‘दोनशे अंशांवर दाब. जितकं कमी तापमान, तितके कण बारीक.’ वाक्य खरं आहे. भट्टीची पाळी मिळत नव्हती, म्हणून आधीची विरघळवण्याची पायरीही मी वगळायला लावली. संध्याकाळी तिचा फोन आला, ‘सर, सळी नाही निघाली, चकत्या निघाल्या.’ जाऊन बघतो तर काकडी चिरल्यासारखे तुकडे. ओतीव सळीत कणांच्या सांध्यांवर त्या ठिसूळ संयुगाची जाळी होती, तिथूनच तडे गेले. सबमिशनला तीन आठवडे आणि सळ्या उरल्या दोन. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चूक माझी होती हे मी तिच्या गाइडना त्याच दिवशी सांगितलं.

मग रीतसर केलं. आधी ४१३ अंशांना रात्रभर, तेही वरचा पत्ता लागू नये म्हणून हवा अडवून. पहिला दाब ३०० अंशांच्या वर, आणि कण थोडे बारीक झाल्यावर पुढचे दाब हळूहळू कमी तापमानावर. कण बारीक झाला की तोच धातू सोसायलाही शिकतो, ही गोष्ट मला इतक्या वर्षांत हाताने अशी कधी कळली नव्हती. शेवटच्या भट्टीचा वेळ आम्ही कमी केला. दाबतानाच काही दाणे तयार झालेले असतात, आणि जास्त शेकलं तर बारीक केलेले कण पुन्हा फुगतात. दोन्ही सळ्या अखंड निघाल्या, कडकपणाही वाढला. तिचं सबमिशन वेळेत झालं.

पण दरवेळी बळ वाढतंच असं नाही. एझेड-३१ या मिश्रधातूत कण बारीक होऊनही तो आधीपेक्षा कमी भारावर वाकू लागल्याची उदाहरणं आहेत. दाबताना पत्त्यांचा कॅट तिरका होतो आणि सरकायला सोपा जातो. त्याच्या बदल्यात तो जास्त ताणला जातो, तुटत नाही. म्हणून कुणी फक्त कण मोजून ‘मजबूत’ म्हणालं की मी विचारतो, कोणत्या दिशेनं ओढून पाहिलंत?

टेबलावर त्या फुटक्या सळीच्या चकत्या आणि शेजारी अखंड सळीचा तुकडा ठेवलाय. सोबत तेवढाच लोखंडाचा तुकडा आहे. मुलांनो, चहाच्या आधी या आणि दोन्ही हातांत धरून बघा. चकत्यांच्या कडा धारदार आहेत, त्यांना हात लावू नका.