मोरचूद, चुना आणि पाणी

पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडत. २०२३ साली त्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेशाचे, बोली बहुतांशी मराठी आणि वैभव संत्र्याचे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर संत्र्याच्या बागांतून बुंध्यांना निळसर लेप देण्याचे व झाडांवर त्याच रंगाचे पाणी फवारण्याचे काम चालते. हे बोर्डो मिश्रण होय. फ्रान्समधील मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली द्राक्षवेलींसाठी ते प्रसिद्ध केले. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक वाहविणाऱ्या रोगावरही ते उपयोगी पडते.

कृती सोपी आहे: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. तरीही एखाद्या वर्षी फवारणीनंतर कोवळी पाने करपतात आणि बागवान औषधाला दोष देतो. दोष बहुधा चुन्याचा असतो, आणि तो तराजूत दिसत नाही.

आम्ल म्हटले की लिंबू किंवा गंधकाम्ल डोळ्यांपुढे येते. पण आम्लाचे आम्लपण प्रकट होते ते पाण्यात. पाण्यात गेल्यावर जो पदार्थ हायड्रोजनचे विद्युद्भारित कण वाढवितो तो आम्ल, आणि जो त्यांना जखडणारे हायड्रॉक्सिलचे कण वाढवितो तो अल्क, असा विचार स्वीडनच्या अऱ्हेनियसने मांडला. संत्र्यातील सायट्रिक आम्ल दुर्बळ असते, म्हणजे त्याचे थोडेच रेणू असे कण सोडतात. म्हणून तर ते जिभेला सोसते.

मोरचूद हे आम्ल नव्हे, लवण आहे. तरी त्याचे द्रावण निळ्या लिटमसचा कागद तांबडा करते. कारण तांब्याचे कण भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना घट्ट ओढून धरतात आणि त्या ओढीत पाण्यातलाच हायड्रोजन सुटतो. पाणी येथे नुसते भांडे भरणारे साधन राहत नाही, ते स्वतःच क्रियेत भाग घेते. चुना पडला की हे आम्लपण मावळते आणि तांबे आकाशी रंगाच्या, पाण्यात न विरघळणाऱ्या साक्याच्या रूपाने बाहेर पडते. तो साका पानावर चिकटून बसतो व दवापावसात अगदी थोडे थोडे तांबे सोडतो. बुरशीला तेवढे पुरते आणि पानाला ते बाधत नाही. मोकळे राहिलेले तांबे मात्र पानालाही जाळते.

आता चुन्याकडे पाहू. उघड्यावर पडलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू खडू बनतो. वजन किलोभर भरते, कर्तृत्व मात्र गेलेले असते. म्हणून जाणता बागवान तराजूवर विसंबत नाही. तो मिश्रणात लोखंडी विळ्याचे स्वच्छ पाते मिनिटभर बुडवितो. पात्यावर तांबूस पुट चढले तर तांबे अजून मोकळे आहे असे समजून तो आणखी चुन्याची निवळी घालतो. मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये, हा नियमही याच कारणाने आला. हळदीची परीक्षा येथे अपुरी पडते. चुना लागताच हळद लाल होते हे घरोघर ठाऊक आहे. पण आम्लात आणि निव्वळ पाण्यात ती सारखीच पिवळी राहते.

फवाऱ्यात तारणारा हाच चुना जमिनीत मात्र संत्र्याच्या मुळावर येतो. चुनखडीच्या जमिनीत मातीतले पाणी अल्कधर्मी असते. अशा पाण्यात लोह विरघळत नाही, आणि मुळांपाशी ते असूनही झाड उपाशी राहते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. तेथे हिराकस मातीत टाकला तर त्यातले लोह लवकरच गंजासारखे अडकून बसते. म्हणून तो पाण्यात अगदी सौम्य करून पानांवरच फवारतात.